भट्टीचा मुका

गेनू दारवटकर कारखान्यातल्या भट्टीत शिरून मुके घेतो, ही बातमी पहिल्यांदा कुजबुजली गेली ती शिवऱ्याला, हमरस्त्याच्या कडेला, साळूबाईच्या चहाच्या टपरीवर. कुजबुजली गेली असं आपलं म्हणायचं. साळूबाई कुजबुजायला लागली की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला हातातला पाना खाली ठेवून मान डोलवायचा.

टपरीवर होती तोवर बातमी तशी साधी होती. गेनू विटांना तोंड लावतो, डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं, एवढंच. नसरापूरच्या बाजारात पोचेपर्यंत तिच्यात एक बाई शिरली. पुढं वेल्ह्याच्या एसटीत ती बाई गोरी झाली, उंच झाली, तिच्या हातात कडं आलं. कारण मागच्या सीटवरचा कुणी शहाणा म्हणाला, "आरं, भट्टी हे आडनाव आसतंय. पंजाब्यांत. हायवेच्या ढाब्यावर न्हाई का त्यो एक भट्टी?" झालं! एसटी पासलीला थांबली तेव्हा गेनूनं शिवऱ्याला भट्टी नावाची पंजाबीण ठेवल्याचं पक्कं ठरून गेलं होतं. गेनूची शेजारीण फुलाबाई गाडीतून उतरली ती हातातल्या पिशवीसकट आधी चंद्राबाईच्या दारात. चंद्राबाई म्हणजे गेनूची लग्नाची बायको.

ती काय म्हणाली ते पुढं येईलच. आधी गेनूचं ऐका.

गेनू मूळचा पासलीचा. भाताची खाचरं, नाचणीचा डोंगरउतारावरचा वरकस तुकडा, आणि पावसाळा सरला की खाली रस्त्याच्या गावांत कामाला जाणारी पुरुषमंडळी. तसाच तोही तिशीच्या आत खाली उतरला आणि शिवऱ्याजवळच्या कारखान्यात लागला. तिथं ट्रक-ट्रॅक्टरच्या पोटातले लोखंडी भाग घडवत. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे, चिमट्यानं ओढून काढायचे, आणि वरून यंत्राचा घण धाडकन् आदळायचा. भट्टी खोलीएवढी. बाहेरून जाड पोलादी पत्रा आणि आतून पांढुरक्या अग्निविटांचं अस्तर, कोटाला असतं तसं. कोटाचं अस्तर फाटलं तर खिशातलं नाणं हरवतं. भट्टीचं फाटलं तर आग थेट पत्र्याला भिडते, आणि पत्र्यासमोर पाळीला सहा-सात माणसं उभी असतात.

म्हणून वर्षातून एकदा भट्टी विझवायची, चार दिवस गार होऊ द्यायची, आणि लहान दारातून आत शिरून एकेक वीट छोट्या हातोडीनं ठोकून बघायची. हे काम गोरख मिस्त्रींचं. गोरख मिस्त्री म्हणजे मिशा पिळलेला, तोंडानं फाटका आणि हाताला देव असलेला माणूस. त्यांच्या भाषेत विटा दोन जातींच्या. ठोकल्यावर खणखणली ती बोलकी. भद्द वाजली ती मुकी. तिच्या पोटात चीर तरी आहे, नाहीतर पाठीमागं पोकळी तरी. मुकीवर खडूनं गोल काढायचा. काही फोडायचं नाही, काही उकरायचं नाही. नुसतं ठोकायचं आणि ऐकायचं.

गेनू कामाला लागला त्याच वर्षी मिस्त्रींनी त्याला आत ओढलं.

"बाजारात मडकं कसं घेतूस रं?"

"टिचकी मारून."

"मग झालं तुजं शिक्षान. धर हातोडी."

त्या दिवसांच्या आठवणी काढल्या की गेनू आजही हरवतो. भट्टी थंड झाली की आत जुन्या देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा असायचा, राखेचा बारीक वास, आणि बाहेरच्या घणाची धडधड एकदम दूर गेलेली. मिस्त्री वरची ओळ घ्यायचे, गेनू खालची. दोघांच्या हातोड्या आळीपाळीनं वाजायच्या. मधेच मिस्त्री एखाद्या विटेला शिवी हासडायचे, "ही बघ, गेल्या साली चांगली बोलत हुती, आन् आता सासरी गेल्यागत गप बसलीय." दुपारी तिथंच, भट्टीच्या पोटात, भाकरी सोडायची. मिस्त्रींची बायको लसणीची चटणी अशी द्यायची की गेनू म्हणायचा, "मिस्त्री, भट्टी पेटवायला हीच टाकू." आणि तपासणी उरकून भट्टी पुन्हा पेटायची तेव्हा सगळी पाळी दारासमोर उभी राहायची. नारळ फुटायचा. पहिली ज्योत आत पळाली की विटा हळूहळू गुलाबी व्हायच्या. कपात चहा गार झाला तरी कुणी हलत नसे.

आता मुद्द्याची गोष्ट. गेनूचे दोन्ही कान लहानपणापासून फुटलेले. पावसाळ्यात ओढ्यात डुंबायचं, कानात पाणी जायचं, मग पू, मग आईनं कोमट करून घातलेलं तेल. दरसाल हेच. चाळिशी ओलांडेतो कानांनी पार राजीनामा दिला. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण घणाच्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांनी. दोन बोटं ओठांना म्हणजे बिडी, मूठ वर म्हणजे थांब, पोटावर हात म्हणजे जेवायची सुट्टी. शेडबाहेर गेनू समोरच्याच्या ओठांकडं बघायचा आणि संशय आला की "व्हय व्हय" म्हणून हसायचा. लोक म्हणत, गेनूइतका ऐकून घेणारा माणूस नाही.

पंचाईत झाली ती आत. एका वर्षी गेनूनं हातोडी मारली तर सगळ्याच विटा मुक्या! पहिली मुकी, दुसरी मुकी, अख्खी ओळ मुकी. विटा मुक्या नव्हत्या, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तो तसाच भिंतीला टेकला, हनुवटी विटेवर ठेवून, आणि हातातली हातोडी नकळत भिंतीला लागली. आणि गेनूच्या डोक्यात खणकन् घंटा वाजली. कानातून नाही, हनुवटीतून, जबड्यातून, दातांतून वर कवटीत. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा खण्ण. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. संध्याकाळपर्यंत हनुवटी सोलवटली होती, पण गेनूला विटेमागची वीट ऐकू यायला लागली होती.

मिस्त्रींनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी फक्त एक सुती दोरी आणली आणि गेनूच्या कमरेला बांधली. दुसरं टोक दाराबाहेरच्या माणसाच्या हातात. कारण कारखान्याचा नियम असा की ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्यानं भट्टीत शिरायचं नाही. आत माणूस असताना कुणी चुकून बर्नरचा वायू सोडला तर भोंगा हाच इशारा. नियम बरोबरच होता, गेनूलाही तो मान्य होता. "दोरीला झटका बसला की भायेर यायाचं," मिस्त्री ओठ मोठे करून म्हणाले. "आन् तोंड बंद ठिवायचं. तुजं बी आन् माजं बी."

मिस्त्री निवृत्त झाले, पुढं वारलेही. दोरी राहिली. नव्या लोकांना ती गेनूची लहर वाटायची. गेनूला ऐकू येत नाही हे आता फक्त चंद्राबाईला ठाऊक होतं. गेनूला आगीची भीती नव्हती, घणाची नव्हती. आपण बहिरे आहोत हे बाहेर फुटलं की भट्टीचं दार आपल्याला कायमचं बंद, ही एकच भीती त्यानं दहा-बारा वर्षं उराशी धरली होती.

तर, चंद्राबाई. पंजाबिणीची बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं निघाली आणि उन्हं वर यायच्या आत साळूबाईच्या टपरीसमोर पदर खोचून उभी राहिली.

"कुठं आसती ती भट्टी?"

साळूबाईनं तिला ओळखलं नाही. "आत. शेडमदी."

"दिसायला कशी हाय?"

"लाल भडक. लई तापट. जवळ गेलं तर भुवया जळत्यात."

"आन् आमचं हे... ते गेनू दारवटकर जात्यात तिच्याकडं?"

"रोजच की! वरसातनं चार दीस तर तिच्या पोटातच आसत्यात. डबा बी आतच खात्यात."

चंद्राबाईनं टपरीचा बांबू घट्ट धरला. "पोटात?"

"मग? बारकं दार हाय, त्यातनं शिरत्यात. हितलं समद्यात जुनं मानूस हायत ते, तिच्यासंगं कवापास्नं हायत."

एवढ्यात वॉचमन मधे पडला म्हणून बरं झालं. त्यानं चंद्राबाईला शेडच्या दारापर्यंत नेलं आणि बोट दाखवलं. समोर भट्टीचं दार उघडं, आत लालजर्द आग, आणि तिच्यापुढं चिमटा घेऊन घामानं निथळणारा गेनू. चंद्राबाईनं कमरेवर हात ठेवले.

"ही?" ती म्हणाली. "हिच्यापायी म्या घाटाच्या वळनांनी आतडी भायेर काढली व्हय?"

गेनू हात पुसत बाहेर आला. चंद्राबाईनं त्याच्यासमोर तोंड नेऊन एकच विचारलं, "मुकं घेता म्हनं तुमी." गेनूनं इकडं तिकडं बघितलं, सोलवटलेली हनुवटी दाखवली आणि हळूच कानाला बोट लावलं. तिला सगळं कळलं. टपरीवर परत येऊन तिनं कपभर चहा घेतला आणि जमलेल्यांकडं बघून म्हणाली, "घेऊ द्या की. माज्या वाटनीचं शिल्लक ऱ्हायलं आसतील."

त्या दिवसापासून चंद्राबाई पासलीत पाण्याला निघाली की बाया विचारायच्या, "सवत बरी हाय न्हवं?" आणि ती म्हणायची, "बरी हाय, औंदा नवं अस्तर शिवलंय." तिनं बारा गावांची थट्टा डोक्यावर घेतली, पण नवऱ्याच्या कानाविषयी चकार शब्द काढला नाही.

पुढं कारखान्यात साहेब म्हणून आनंदराव आले. भोरचे. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि बोलण्यात कागद. माणूस वाईट नाही, फक्त कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे. त्यांनी उष्णता दाखवणारा कॅमेरा आणवला. भट्टी पेटलेली असताना बाहेरून तिचा फोटो काढायचा. जिथं पत्रा तापलेला तिथं तांबडं-पिवळं, जिथं गार तिथं निळं. गेनूच्या हातोडीची आता गरज नाही, असं त्यांचं मत. तरी वर्षाचा रिवाज म्हणून त्याला आत जाऊ देत.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भट्टी गार झाली, गेनू आत शिरला आणि तासाभरात बाहेर आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं.

"सायेब, डाव्या भिंतीला, कमरंएवढ्या उंचीवर मोठी मुकी जागा हाय. दोन हात लांब."

आनंदरावांनी फोटो समोर धरला. "डावी भिंत? गेनूकाका, डावी भिंत सगळ्यात निळी आहे. म्हणजे सगळ्यात चांगली. बघा ना."

"निळी आसंल. मुकी हाय."

बाजूचे दोघे-चौघे हसले. एक जण म्हणाला, "काका, मुका नीट बसला नसंल. परत घ्या." आनंदरावही हसले. हसण्यासारखंच होतं, मुके घेणाऱ्या माणसाच्या शब्दावर कुणी भिंत फोडतं का? फोडायची म्हणजे भट्टी आणखी चार-पाच दिवस बंद. गेनूला ओठ वाचता येत होते, त्यामुळं त्याला सगळं कळलं.

त्या वर्षी पुण्याच्या एका तपासणी कंपनीकडून चैत्राली नावाची इंजिनिअर आली होती. तीही भोरचीच, त्यामुळं आनंदरावांनी आधी तिच्या आजोबांची चौकशी केली, मग कामाची. तिच्याकडं एक पेटी, पडद्यावर लाटा, एक चपटी टिकली आणि एक छोटी हातोडी. ती आत शिरली, टिकली विटेवर दाबून धरली, शेजारी हातोडी मारली आणि पडद्याकडं बघितलं. गेनू दारातून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ही बी ठोकून ऐकती की!" तो म्हणाला.

चैत्राली डाव्या भिंतीपाशी दोनदा, तीनदा थांबली. बाहेर येऊन म्हणाली, "सर, तिथं काहीतरी आहे. लाट मधूनच परत येते. पण तो विटांचा जुना सांधाही असू शकतो. मी छातीठोक नाही सांगू शकत."

"आणि निळा रंग?"

"निळ्यावर फार विसंबू नका. विटेमागं पोकळी असली तर त्यातली हवा उष्णता अडवते. गोधडीखाली हवा राहते ना, तशी. पत्रा गार राहतो आणि पुढची वीट मात्र जास्त भाजते. ती सुटून पडली की मग आग थेट पत्र्यावर."

आनंदराव घोटाळ्यात पडले. एकीकडं निळा फोटो, दुसरीकडं 'असू शकतो'. "सांधा धरून चालू," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी पेटवू."

गेनू त्यांच्या ओठांकडं बघत होता. सोमवारी त्या डाव्या भिंतीसमोर कोण उभं राहणार, हे त्याला पाळीच्या फळ्यावर दिसत होतं. सात नावं. त्यानं टोपी काढली.

"सायेब, म्या बहिरा हाय."

"काय?"

"दोनी कानांनी. बारा-चौदा वरसं. भोंगा मला ऐकू येत न्हाई. म्या दाढंनं ऐकतो. म्हून सांगतो, ती जागा मुकी हाय."

शेडमध्ये त्या दिवशी घण बंद होता. तेव्हा सगळ्यांनाच ऐकू गेलं, गेनू सोडून. आनंदरावांनी हातातला फोटो खाली ठेवला. चैत्राली मात्र सरळ त्याच्या पाठीमागं गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "काका, तुमच्या पाठीवर पाल आहे!" गेनू हलला नाही. मग ती समोर आली, भट्टीकडं बोट दाखवलं, आणि दोघं आत शिरली. तिनं त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. त्यानं हनुवटी विटेला लावली. ती लांबून, एकेका विटेवर, मनाला येईल तशी हातोडी मारत गेली आणि तो हातानं सांगत गेला: बोलकी, बोलकी, मुकी, बोलकी, मुकी. आनंदराव दारातून वाकून पडद्यावरच्या लाटा बघत होते. गेनूचा हात आणि पडद्यावरची लाट एकदाही वेगळं बोलले नाहीत. आणि जिथं लाट चाचरली, तिथं गेनूनं हातानं पोकळीची लांबी, रुंदी, वर किती, खाली किती, सगळं भिंतीवर आखून दाखवलं.

"कसं काय?" आनंदरावांनी चैत्रालीला विचारलं.

"माझी टिकली काय करते, सर? भिंतीला चिकटून कंप घेते. काकांची हनुवटी तेच करते. कान गेलेत, हाड शाबूत आहे."

दुपारी भिंत उघडली. गेनूनं आखलेल्या रेषेच्या आत विटांमागं वीतभर पोकळी होती. मागचा थर भुगा होऊन खाली बसला होता. पुढच्या विटा नुसत्या एकमेकींच्या भरवशावर उभ्या होत्या. आनंदरावांनी आत हात घातला आणि मूठभर भुगा बाहेर काढला. मघाशी हसलेले चौघे आपापल्या कामाला लागले.

भट्टी आठ दिवसांनी पेटली. सातही माणसं जेवायला घरी गेली. आणि आनंदरावांनी गेनूला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, समोर बसून ओठ मोठे करून सांगितलं, "काका, तुम्ही वाचवलंत. पण आत आता मी तुम्हाला सोडू शकत नाही."

"व्हय," गेनू म्हणाला. या वेळी त्याला नीट कळलं होतं.

निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यानं मालाच्या खोलीत काढली. ट्रकमधून आलेली नवी वीट न् वीट हनुवटीला लावून, टिचकी मारून तो बघायचा. विटा चांगल्या असायच्या. पण सुटी वीट ती सुटीच, म्हणायचा तो. भिंतीत बसली की ती शेजारणींचं बी सांगते. वर्षाकाठी भट्टी गार व्हायची तेव्हा तो दारापर्यंत जाऊन उभा राहायचा, आतला गारवा तोंडावर घ्यायचा आणि परत यायचा.

चैत्रालीनं त्याला भोरला डॉक्टरकडं नेलं, कानात घालायचं यंत्र मिळवून दिलं. आता तो पासलीला असतो. यंत्र डबीत असतं. चंद्राबाई बोलायला लागली की यंत्राची गरज पडत नाही, असं त्याचं म्हणणं; गरज पडत नाही ती अख्ख्या आळीलाच, असं शेजाऱ्यांचं. ओसरीवर बसून तो अजून हातोडीचा ताल मांडीवर धरतो, डावी भिंत, मग मागची, मग उजवी. फुलाबाई येता-जाता विचारते, "भावजी, भट्टीची आठवन येती का?" तो ओठ बघतो आणि लाजतो.

आणि ती मुक्याची बातमी. एका वर्षी भट्टी गार असताना कुणीतरी दारातून डोकावलं आणि त्याला गेनू भिंतीला तोंड लावून उभा दिसला. हे काय चाललंय, असं त्यानं विचारलं. खरं सांगितलं असतं तर गेनूचं आत जाणं बंद झालं असतं. त्या संध्याकाळी गेनू साळूबाईच्या टपरीवर गेला आणि आपण भट्टीचे मुके घेतो असं त्यानं तिला सांगितलं. बातमी त्यानं स्वतःच उठवली होती.